आमच्या गल्लीतला आडवा म्हसोबा

४ जानेवारी, शनिवार

जोतीतात्यांना वेड लागलंय! इतक्या वर्षांचा शेजार, पण मला एका शब्दानं विचारलं नाही. आज थेट जेसीबीवाल्याला आणून दगड दाखवला. आमचा दगड! आमच्या दोन घरांच्या मधला, निम्मा गल्लीत आलेला, काळा घडीव. दुचाकी त्याच्या कडेनं निघते, चारचाकी अडते. म्हणून तो काढायचा, तात्यांच्या दारच्या पायऱ्या फोडायच्या, सिमेंटचा उतार करायचा आणि गाडी अंगणात घालायची. गाडी कुणाची? तात्यांना सायकलसुद्धा धड येत नाही. गाडी त्यांच्या मुलाची, ऋषिराजची, आणि तो राहतो बारामतीत!

"गढीच्या पायथ्याची गल्ली आहे ही तात्या. इथल्या दगडादगडाला इतिहास आहे," मी म्हणालो.

"इतिहास घिऊन काय करू गुर्जी? गाडी दारात आल्याबिगर भागंना आता."

"करा काय करायचं ते!" म्हणून मी घरात आलो आणि दार आपटलं. दार जुनं, फुगलेलं. लागलं नाहीच, परत उघडलं. मागं जाऊन हळूच लावावं लागलं.

५ जानेवारी

तात्यांशी अबोला धरलाय. संध्याकाळचा चहा घरातच घेतला. बेचव.

७ जानेवारी, मंगळवार

पालिकेला अर्ज दिला. 'सदर पाषाण शिवपूर्वकालीन असून नगराचा अमोल वारसा आहे...' जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली, आणि आता बसल्या बसल्या इतिहास संशोधक झालो!

बायकोनं, जयवंतानं, अर्ज वाचला. "शिवपूर्वकालीन कुणी सांगितलं?"

"दिसतोच तसा."

"तसे तर तुम्हीपण दिसता," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. बायकोला इतिहासाची गोडी नाही.

खरं लिहायचं तर मलाही नाही. मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी तात्यांची बायको गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्या दगडावर बसतो. ते घरात एकटे, मी घरात बिनकामाचा. उसाचा भाव, कुणाच्या पोराचं लग्न अडलंय, मोडलंय, सगळं तिथं होतं. दगड गेला तर बसायचं कुठं? सिमेंटच्या उतारावर, घसरत घसरत? दगड गेला की तात्यापण गेले, अशी भीती वाटते. आता हे अर्जात कसं लिहिणार!

१४ जानेवारी, संक्रांत

तात्या तिळगूळ घेऊन आले. मी पळालो न्हाणीत. जयवंतानं सांगितलं, "आंघोळ चाललीय." सकाळी एकदा झाली होती. पण पाण्याचा आवाज यायला नको का? ओतलं गार पाणी अंगावर! तात्या बराच वेळ थांबले. शेवटी, "गुर्जींशी जरा बोलायचं हुतं," म्हणाले आणि गेले.

अजून येतील, नाक मुठीत धरून येतील, असं वाटून बरं वाटलं. शिंका मात्र दिवसभर थांबल्या नाहीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

पालिकेचा माणूस आला. दगडाला टेप लावला. "सर, ह्याची नोंद कुठंच न्हाय. वाटंत हाय, काढला तर हरकत न्हाय." मग माझ्या घराकडं वळला. "ही न्हाणी तुमचीच व्हय? गल्लीत आलीय बरं का चांगली."

वारशाचा विषय मी तिथंच संपवला. त्याला चहा पाजला. वर पोहे.

जेसीबी सोमवारी येणार.

२० जानेवारी, सोमवार

लिहायला लाज वाटतेय. उजाडायच्या आत उठलो. मारुतीला वाहायला आणलेला शेंदूर घरात होता. तेलात कालवला आणि दगडाला फासला. वर दोन झेंडूची फुलं. देवाला जेसीबीवाला हात लावणार नाही, एवढाच विचार!

पहिली आली मागच्या आळीची रंगूबाई, दूध घेऊन. थबकली. चपला काढल्या. "आगं बया, परगटला!" म्हणाली आणि गल्लीभर सांगत सुटली. जेसीबी येईपर्यंत नारळ फुटले होते, उदबत्त्या लागल्या होत्या. हळदीकुंकवाचे दिवस, बायका ताटं घेऊन तयारच होत्या. ड्रायव्हर खाली उतरला, पाया पडला आणि जेसीबी मागं घेत घेत निघून गेला.

तात्या दारात उभे होते. दगडाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. "देव हाय म्हनल्यावर आपन कोन?" म्हणाले आणि हात जोडले. दगडाला जोडले की मला, कळलं नाही.

घरात आलो तर जयवंता माझ्या बोटांकडं बघत होती. "आधी हात धुवा," एवढंच म्हणाली.

काही म्हणा — जिंकलो!

२५ जानेवारी

देवाचं नाव पडलं. आडवा म्हसोबा. गाड्या आडवतो म्हणून. कुणाच्या तरी सुनेला दिवस गेले ते याच्याच कृपेनं म्हणे. अहो, अजून आठवडा झाला नाही त्याला देव होऊन!

२९ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी चहाचा कप घेऊन सवयीनं दगडावर टेकलो. रंगूबाई केवढ्यानं ओरडली! "गुर्जी! देवावर बसताय व्हय? वय काय, वागनं काय!" गल्ली जमली. शेंदूर धोतराला लागला तो वेगळाच. ज्यासाठी एवढा उपद्व्याप केला तिथं आता मलाच बसायची बंदी.

दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. पलीकडं तात्या त्यांच्या पायरीवर. मधे म्हसोबा. दोघंही त्याच्याकडं बघत बसलो. तात्या वाळल्यासारखे दिसले. फार वाटलं, उठून जावं, सांगून टाकावं की शेंदूर माझा, मी गाढव. पण आधी कुणी बोलायचं?

उद्या बघू.

९ फेब्रुवारी, रविवार

ऋषिराज आज तात्यांना बारामतीला न्यायला आला. कायमचं. गाडी मंडईच्या कोपऱ्यावर उभी होती. मी न विचारता तात्यांची वळकटी उचलली आणि त्यांच्याबरोबर चालायला लागलो. तात्या दर चार पावलांवर थांबत होते.

"दिवाळीत तुमी लेकीकडं गेलता, तवा माज्या छातीत दुखलं. ह्या पोरानं मला पाठुंगळी घिऊन मंडईपातूर गाडीकडं आनलं. तवापासनं हटून बसलाय. गाडी दारात येत आसंल तर ऱ्हावा हितं, न्हायतर चला म्हनतो. म्हनून उतार करत हुतो. मला कुठं जायचं हुतं गुर्जी?"

मी रस्त्यातच थांबलो. शेंदूर मी लावला म्हणालो. आत्ता पुसतो, आत्ताच्या आत्ता दगड काढू.

"ठावं हाय मला. पर आता काढू देत्यात व्हय बायका?"

"मग आधी का नाही सांगितलंत तात्या?"

"तुमी बोलत कुठं हुता?"