तळहातावरची गोळी

प्रिय आई,

तुमची धाकटी सून माझ्याकडे सुखरूप पोहोचली. उगाच तिच्या माहेरी फोन करत बसू नका. शिवणखोलीत कापडाच्या गठ्ठ्याला टेकून, पाय पसरून बसली आहे. पोट आता चांगलं दिसायला लागलंय. मी काजं करता करता तिच्याकडे बघते आणि मला माझे दिवस आठवतात.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. "तू विसरभोळी, मीच देत जाईन," म्हणून तुम्ही त्या आपल्या कपाटात ठेवल्यात. रोज जेवण झालं की तळहातावर एक गोळी ठेवायचात, मी न बघता गिळायचे. सख्खी आई एवढं करत नाही, असं शेजारणीला कौतुकानं सांगायचे. जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. "नखरे पुरे," म्हणायचात.

कळा वेळेआधीच आल्या. रक्त थांबेना, आणि मुळात अंगात होतंच कुठे! मी वाचले, माझी मुलगी वाचली नाही. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "गोळ्या का घेतल्या नाहीत?" रोज घेतल्या म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसेना. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभ्या होतात. म्हणालात, "ऐकतच नाही हो ही कुणाचं." तेव्हापासून साऱ्या गोतावळ्यात मी लेकीच्या जिवावर उठलेली आई.

परवा धाकटीच्या गोळ्या काढून घेताना तुमची जीभ सैल सुटली. "थोरलीला मी पित्ताच्याच गोळ्या दिल्या. लोहानं मूल अंगानं वाढतं, मग बाळंतपणात अडतं." तिनं ते ऐकलं आणि रडत मला फोन केला.

तुमच्या दोघा मुलांना समोर बसवून मी सगळं सांगितलंय. भाऊजी संध्याकाळी सामान घेऊन इकडेच येताहेत. धाकटीची गोळी ती स्वतः पाकिटातून काढते, स्वतः घेते.

बाळ झालं की कळवीन. बघायला जरूर या. मात्र त्याआधी, ज्या ज्या घरी माझी बदनामी केलीत, त्या प्रत्येक घरी जाऊन मला कसली गोळी दिलीत ते आपल्या तोंडानं सांगायचं. तोवर नातवंड तुमच्या मांडीवर येणार नाही. तुमचं वय झालंय, गुडघे धरतात, ठाऊक आहे मला. सावकाश सांगा. मला घाई नाही.

तुमचीच,
थोरली