बाबांच्या नव्या चाली

कोरगाव, पेडणे
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. हसू नकोस. मी तुला कधी नमस्कार केलेला तुला आठवणार नाही, मलाही आठवत नाही, पण कागदावर पहिली ओळ लिहायची म्हणून दुसरं काही सुचलं नाही. त्यापुढे 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायचं असतं. ते जरा थांबून लिहिते.

कृष्णनाथकाकांचा यशवंत परवा मोपा विमानतळावरून निघतोय आणि थेट तुझ्याच बोटीवर चढणार आहे. आईने त्याच्याकडे तुझ्यासाठी काजू, सोलां आणि खाजं बांधून दिलंय. काजूच्या पिशवीत मी हा कागद सारलाय. आईला ठाऊक नाही. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर आई माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली असते, तू दिसलास की बाबांना 'हसा, हसा' म्हणते, आणि तुझा तो पांढरा शर्ट पाहून मलाही हसूच येतं. मग नेट तुटतं. सांगायचं ते राहून जातं.

आधी बऱ्या बातम्या. माझी औषधाच्या दुकानातली नोकरी चालू आहे. तारामावशीच्या सेजलचं लग्न ठरलं, मुलगा डिचोलीचा. तिने लग्नात बँड वाजवायला आम्हालाच सांगितलंय, आणि वर 'हर्षा, तू साडी नेसून वाजव' अशी अट घातलीय. तू अजून लोकांना सांगतोस की माझी बहीण गिटार वाजवते. गिटार नव्हे रे, बास. चार जाड तारा. नसली तर लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, असली तर कोणी विचारत नाही. आमचा ड्रम वाजवणारा विजय म्हणतो, घराच्या जोत्यासारखी.

मे महिन्यात आमोण्याला एका लग्नात वाजवलं तेव्हाची गंमत लिहायची राहिली. जेवणं झाल्यावर नवऱ्याचा मामा स्टेजवर चढला. त्याने माइक धरला आणि कुठल्या तरी भाषेतलं असं गाणं सुरू केलं की आमच्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी काय करते सांगू? पहिली ओळ मी वाजवतच नाही. नुसती ऐकते, माणूस श्वास सोडून कुठे टेकतो ते. तो टेकला की ते गाण्याचं घर, तो सा. मग ठोक्याच्या पहिल्या मात्रेला सा, मध्ये कधी पंचम, आणि गाणं घर सोडून निघालंय असं वाटलं की एकेक पायरीने त्याच्या मागे. बोट चुकीच्या जागी पडलं तर थांबायचं नाही. शेजारच्या पट्टीत सरकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला तो अलंकार वाटतो. एवढंच. याच्यावर म्हापशाच्या सरांनी मला अख्खं वर्ष घासलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही सगळे त्या मामाबरोबर होतो, आणि मामा रडत होता.

आणखी एक युक्ती आहे, ती तुला नीट समजावून सांगायला हवी. दादा, इथे जरा लक्ष देऊन वाच.

गाणारा चुकला, तरी खाली माझ्या हातात पुष्कळ काही असतं. समज, ओळ संपताना त्याने सा वर यायला हवं आणि तो रे वर अडकला. सगळ्यांना कळणार, हा चुकला. पण त्याच क्षणी मी खाली सा सोडून पंचम धरला, तर रे त्या पंचमाशी जुळतो. ऐकणारा मान डोलावतो. त्याला वाटतं, बुवांनी मुद्दाम लांबवलं, आता येतील. ध वर भरकटला तर मी मध्यम धरते, तोही जुळतो. वरचा सूर तोच, चुकीचाच. मी खालची जमीन हलवते आणि चूक चूक राहत नाही.

आता लिहिते.

मी तुला गेल्या गणेशचवथीपासून बाबांच्या भजनांची जी रेकॉर्डिंगं पाठवत आलेय, ती सगळी अशी आहेत.

'बाबा या वयात नव्या चाली बांधतायत, आणि तुझी बासही काय जमून आलीय' असं तू लिहिलंस. बोटीवरच्या मित्रांना ऐकवलंस. दादा, बाबा चाली बांधत नाहीत. बाबा विसरतायत. जे अभंग आपण पाळण्यापासून त्यांच्या तोंडून ऐकले, ते आता दर वेळी वेगळे येतात. अर्धी ओळ एकाची, पुढे दुसऱ्याची, मग कुठलीच नाही. त्या मामाचं गाणं मला ठाऊक नव्हतं, तसं आता बाबांचं प्रत्येक गाणं. मी पहिली ओळ ऐकते, ते कुठे टेकतात पाहते आणि मागे निघते. पेटीचा भाता फाटलाय म्हणून ती माळ्यावर टाकली असं तुला सांगितलं ना? भाता धड आहे. बोटांना पट्ट्या सापडत नाहीत म्हणून त्यांनीच ती एक दिवस उचलून बाजूला ठेवली.

आणि मी नुसतं गाण्यातच हे करत नाही. एकदा सकाळी पोदेर पाव घेऊन आला, सायकलची पोंपों वाजली, बाबा दारात गेले आणि त्याला म्हणाले, "खंय उतरतलस?" पोदेर खो-खो हसला. एवढी वर्षं कदंबच्या बसवर कंडक्टर होते, त्याला वाटलं म्हाताऱ्याने फिरकी घेतली. मीही हसले आणि म्हटलं, "बाबा, तेका अर्धा तिकीट दी." सगळे खूश. बाबाही हसले. आपण कशाला हसतोय हे त्यांना कळलं नव्हतं, ते मी पाहिलं.

गावातही तेच. एकादशीला देवळात गायले, तर मंडळी म्हणाली, "बुवांनी काय वेगळो प्रयोग केल्यान!" कोणाला शंका नाही. गोकुळदासबुवा चुकतील असं इथे कोणाच्या मनातच येत नाही, आणि खाली मी होतेच. घरी येताना मला अभिमान वाटत होता. आज त्या अभिमानाची शिसारी येते.

आईबरोबर बांबोळीला जाऊन डॉक्टरांना दाखवलंय. आजाराचं नाव तुला ठाऊकच असेल, ते इथे लिहीत नाही. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर चांगल्या होत्या. थांबवता येणार नाही, सावकाश नेता येईल, असं त्या म्हणाल्या. मी तुला कळवते म्हटलं तर आई माझ्यावर केवढी ओरडली. "तो थंय दर्यात आसा. तेका सांगलंस तर तो काय पोहोन येतलो? काम सोडून बसतलो, आणि हेंका बरां वाटतला?" मग चुलीकडे तोंड करून रडत बसली. मी कळवायचं सोडून दिलं. तिचंही बरोबर आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मागच्या रविवारी तुझा फोन आला. करार पुढे वाढवून मिळतोय, या चवथीला जमणार नाही, पुढच्या चवथीला येतो, असं तू सांगितलंस. "बाबा ठणठणीत आहेत म्हणून मी निर्धास्त आहे," हे तुझं वाक्य. बाबा तुझ्याशी छान बोलले. "बरो मा रे बाबू? जेवलस? थंय पाऊस आसा?" तू खूश झालास.

दादा, ते आता सगळ्यांनाच बाबू म्हणतात.

फोन ठेवल्यावर आई आत गेली आणि त्यांनी मला विचारलं, "बरो चेडो दिसता. कोणाचो झील गो तो?"

तुझ्याबद्दल विचारत होते, कोणाचा मुलगा म्हणून. मी म्हटलं, "तुमचोच." ते हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. मी विहिरीवर गेले आणि बालदी भरत उभी राहिले, ती भरून वाहत होती तरी. मला तुझा राग आला होता. खूप राग. तुला काहीच ठाऊक नाही याचा राग, आणि ते ठाऊक नसण्याची सगळी व्यवस्था मीच केली होती, तरी तुझाच.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. देवळात बाबांना गायला बोलावलेलं. माझा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. पहिला अभंग कसाबसा नेला. दुसऱ्यात ते पार सुटले. एक ओळ चार वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणाले, दर वेळी दुसरीकडे टेकले, आणि मी मागून धावत होते, पंचम, मध्यम, आणखी खाली, काय हाताला येईल ते. टाळ वाजवणारे मान हलवत होते. पण बाबा गाता गाता माझ्याकडे बघायला लागले. तसे डोळे मी कधी पाहिले नव्हते. जत्रेत आईबापांचा हात सुटलेलं मूल बघतं तसे. शेवटी ते थांबलेच. पखवाजवाल्याने शहाणपणाने गजर उचलला आणि वेळ निभावली.

परत येताना बाबा स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. तळीच्या वळणावर म्हणाले, "हर्षा, गाडी थांबय." थांबवली. उतरले नाहीत. माझ्या पाठीशीच बोलले. किती तरी महिन्यांत ते असं सलग बोलले नव्हते.

"मी चुकतंय तां माका कळाक होयां गो. तू खालसून सारखी हालतस. मी खंय गेलंय तां माका कळणा नाय आणि घराक येवची वाट गावणा नाय. तू एका जाग्यार रव. मी येतंय परत."

चुकतोय ते मला कळायला हवं, तू एका जागी थांब, एवढंच ते मागत होते. मला वाटत होतं मी त्यांना धरून ठेवलंय. ते ज्या ज्या चुकीच्या दारात गेले, तिथे तिथे मी आधी जाऊन दिवा लावत होते, हेच तुमचं घर म्हणून. सगळं गाव फसलं, तू फसलास, ते ठीक. पण त्यात तेच हरवत होते. दादा, मला फार भीती वाटली. अजून वाटते.

परवापासून संध्याकाळी आम्ही दोघं पडवीत बसतो. मी एकच तार वाजवते, सा. ते कुठेही जाऊ देत, मी हलत नाही. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्येक चूक उघडी पडते, आई आतून येऊन म्हणाली, "पुरे गो, कोणी ऐकतला." मी थांबले नाही. बाबा भरकटतात, त्यांना कळतं, कपाळाला आठी पडते, शोधत राहतात. कधी परत येतात. आले की माझ्या गुडघ्यावर थाप मारतात. कधी येत नाहीत, आणि मग आम्ही चहा घेतो.

काल मी ते रेकॉर्ड केलंय. यशवंतच्या फोनमध्ये घातलंय, कारण इथून पाठवलं तर तू व्हिडिओ कॉलवर आईसमोरच त्याचं बोलशील. एकटा असताना ऐक. मित्रांना ऐकवू नकोस. यात माझी कुठलीही कारागिरी नाही. मधे मधे बाबा थांबून 'पुढे काय गो?' असं विचारतात तेही मी तसंच ठेवलंय.

तुझ्या कराराचं तू ठरव, असं मी लिहिणार होते. शहाण्या बहिणी तसंच लिहितात. मी लिहीत नाही. सही करू नकोस. चवथीला ये. घर माझ्या पगारावर आणि बाबांच्या पेन्शनवर चालतंय, त्याची काळजी करू नकोस. आईला मी सांभाळते. चार दिवस बोलणार नाही, मग तुझ्यासाठी नेवऱ्या करायला बसेल. पुढच्या चवथीला बाबा असतीलच, डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही. पण कोण असतील ते मला सांगता येत नाही.

तू आलास की ते तुला ओळखतील असंही मी लिहिणार नाही. एवढे दिवस तुला गोड वाटेल तेच पाठवलं, आता नाही. कदाचित ओळखतील. सकाळी उठल्यावर ते पुष्कळ बरे असतात. कदाचित तुला बाबू म्हणतील आणि बस कितीची म्हणून विचारतील.

म्हणून एक कर. दारात उभा राहून "बाबा, मला ओळखलंत?" असं विचारू नकोस. परवा तारामावशीने तसं विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघवला नाही. पायातलं काढ, समोर बस, त्यांचा हात हातात घे आणि आपणहून सांग, मी साईश, तुमचो झील. ते विसरले तर परत सांग. न चिडता सांग. मी रोज सांगते.

तुझी,
हर्षा
(गोकुळदासबुवांची मुलगी. अजून तरी त्यांना ठाऊक असलेली.)