मधला दिवा

४ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची वारंगा फाट्यावर! सेनगावहून निघताना आई सारखी विचारत होती, शीतल, पोरीला वायरमनचं काम कोण देणार? दिलं की! हायवेला लागूनच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना आहे. मालक अमरसिंग बोलायला गोड. सोयाबीन निघायच्या आत ट्रॉल्या गिऱ्हाइकांना द्यायच्यात, म्हणून छताचे सगळे जुने दिवे काढून एलईडी बसवायचे, एवढंच माझं काम. शेडला एक खिडकी नाही, भर दुपारीही दिवे लागतात. त्या पिवळट उजेडात वेल्डिंगवाल्यांचे चेहरे आजारी दिसतात. बदलून टाकते सगळं. खोली मागच्याच गल्लीत, जनकाबाईंकडे. त्यांनी पहिल्याच वरणात इतकं तिखट घातलं, की मी हसता हसता रडले.

५ ऑगस्ट

दारापासून सुरुवात केली. शिडी फोरमन देविदासभाऊ धरतात. जुन्या दिव्यांच्या पेट्या गंजून छताच्या लोखंडी कैचीला चिकटल्यात. हलवल्या की चिमण्यांची घरटी आणि मेलेले किडे अंगावर पडतात. दुपारपर्यंत दाराकडचा भाग असा लख्ख झाला, की पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी मधल्या दिव्याकडे शिडी सरकवली, तर भाऊंनी पाय घालून अडवली. तो शेवटी काढायचा, मालकाचं तसं सांगणं आहे म्हणे. तसाही तो बंदच आहे. वायर छाटून वर गुंडाळलेली दिसते. त्याच्याखाली कुणी काम करत नाही. शेडमध्ये दाटी झाली तरी तिथे ट्रॉली लावत नाहीत.

७ ऑगस्ट

मधला सोडून बाकी सगळे दिवे झाले. ते बघायला मालक आत आले. एरवी दारातूनच बोलतात. ते शेडच्या मध्यावर आले आणि तो दिवा लागला. छाटलेल्या वायरीचा दिवा! खाली कोब्यावर शिडीची सावली पडली, तिच्यावर उभा एक माणूस. आणि शिडी तर माझ्याजवळ, भिंतीला टेकलेली. मालक धडपडत बाहेर पळाले. दिवा विझला.

घरी येऊन जनकाबाईंना सांगितलं. त्यांची तव्यावरची भाकरी जळाली तरी त्यांना कळलं नाही. कारखान्यातला आधीचा वायरमन रामजी, म्हणजे त्यांचाच नवरा. तो हाच दिवा दुरुस्त करायला चढला होता. वेल्डिंग खोळंबलं म्हणून मालकाने, वर माणूस दिसत असताना, स्वतःच्या हाताने मेन स्विच चढवला. पोलिसांना सांगितलं, रामजी प्यालेला होता. देविदासभाऊंनी तशी साक्ष दिली.

“थेंबाला शिवला न्हाई माझा माणूस,” त्या म्हणाल्या. “मेला त्याच्यापेक्षा ते जास्त लागलं मला. त्यालाबी लागलं असंल.”

८ ऑगस्ट

नोकरी सोडायला गेले. मालक म्हणाले, तेवढा दिवा उतरव, नाहीतर कामाचा दाखला मिळणार नाही. पहिलंच काम माझं. दाखल्याशिवाय पुढे कोण उभं करणार? मेन स्विच पाडून वीज बंद केली, त्याला माझं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, बॅटरी लावली. चढले.

वरच्या बोल्टला पाना लावला तोच मनगट कुणीतरी धरलं. गार, खरबरीत हात. ओढलं नाही. फक्त मला हळूच शिडीकडे वळवलं, लहान लेकराला जिन्यावरून वळवावं तसं. मी उतरले.

मालक भडकले. मेनला कुलूप आहे तर भ्यायचं काहून, म्हणत स्वतः चढले.

कुलूप होतं. मी त्याच्याकडेच बघत होते. कुलूप होतंच —

दिवा लागला. मालकांचा हात त्याला चिकटला. ओरडले नाहीत. समोर कुणाकडे तरी बघत राहिले, शेवटपर्यंत.

९ ऑगस्ट

पोलीस. देविदासभाऊंनी माझ्यासमोर सांगितलं, “या पोरीनं कुलूप लावलंच न्हवतं.”

किल्ली माझ्या मुठीत होती. खोटं काहून बोलता, मी विचारलं. मान खाली घालून म्हणाले, मालकाच्या घरचे सांगून राहिले, मलाही लेकरं आहेत.

मला कोठडीत टाकतील का? आईला काय —

जनकाबाई रडल्या नाहीत. दारात गेल्या, शेडकडे तोंड केलं. “ऐकलं का जी?”

११ ऑगस्ट

पंचनामा. साहेब बाहेर फोनवर. मी दाराशी स्टुलावर. लिहितेय, तेवढाच आधार.

देविदास मधोमध. टेप आणि बॅटरी घेऊन वाकलाय. जागा मोजून राहिला. माझ्याकडे पाठ.

लाइन खांबावरूनच तोडलीय. आत वीज नाही. कुठेच —

लागला.

मंद. त्याला कळलं नाही अजून.

सावली. शिडी. आज माणूस उतरतोय. एकेक पायरी —

एक हाक मारली तर देविदास वाचेल. तोंड उघडलं मी. आवाज गळ्यापर्यंत आला —

या पोरीनं कुलूप लावलंच न्हवतं.

तोंड मिटलं.

सावली थांबली. मान वळली. माझ्याकडे. विचारल्यासारखी —

मी ‘हो’ म्हणून मान हलव