निळ्या थेंबाची नोंद

सर,

घटस्थापनेच्या आधी दर वर्षी ज्या पटापुढे गोणपाट टाकून तुम्ही बसायचात, तो देवीचा कापडी पट आता देवळात टांगलेला नाही. तो लाकडी पेटीत, मऊ कागदाच्या दोन थरांमध्ये, घडी न घालता आडवा ठेवला आहे. त्याच्या जागी त्याची प्रत आहे आणि बायका तिच्या पायांना कुंकू लावतात. ती प्रत मी केली. एकदा नाही, दोनदा केली. पहिली का चुकली हे ज्याला समजेल असं माणूस तुमच्याशिवाय मला आठवत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला मुद्रणाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा होती म्हणून आले नाही. परीक्षा खरंच होती.

मी आता जळगावच्या एका छापखान्यात रंगविभागात काम करते. चित्र यंत्रावर वाचून घ्यायचं, त्याचे चार रंग वेगळे करायचे, छपाईला द्यायचं. केळीच्या खोक्यांची लेबलं, लग्नपत्रिका, कॅलेंडरवरचे देव. गेल्या दिवाळीत दोंडाईच्याला घरी आले होते, तेव्हा देवळाच्या गावाहून अक्कांचा निरोप आला. देवळाची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला असते. तुमच्या हाताखाली शिकले म्हणून त्या मला अजून तुमचीच पोर म्हणतात. निरोप असा होता : "मास्तरनी पोर आयेल शे ना? तिले सांगा, माय फाटी राह्यनी." मी जाऊन पाहिलं. मधल्या घडीवर कापड वीतभर फाटलं होतं आणि पायांकडचा रंग सुटत होता. नवरात्रात आठव्या माळेला सगळ्या गावच्या बायका त्या पायांना कुंकू लावतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या अंदाजाने अजून दोन नवरात्रं, फार तर तीन. मग पाय उरणार नव्हते. मी अक्कांना म्हटलं, याची हुबेहूब प्रत करू, तेवढीच, कापडावरच. कुंकू तिला लावा, ही विश्रांती घेईल. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नी त्यामा माय यी का?" येईल, मी म्हटलं. "देखू," त्या म्हणाल्या.

पट ओसरीत आणून, सावलीत, मी त्याचे मनाने बारा भाग पाडले आणि प्रत्येकाचं तळहाताएवढ्या फिल्मवर छायाचित्र घेतलं. छापखान्याचं काम संपलं की एकेक फिल्म वाचणाऱ्या यंत्राच्या फिरत्या नळ्यावर चढवायची, जितकं बारीक वाचता येईल तितकं वाचून घ्यायचं, मग संगणकावर बारा तुकडे जोडायचे. एक तुकडा अर्धा अंश फिरवायला सांगितला की घरी जाऊन जेवून परत यावं, तरी तो फिरतच असायचा. तुकडे जुळले आणि मी पट साफ करायला घेतला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कुंकवाचे डाग काढले, समईची काजळी काढली, घडीची रेघ बुजवली. तीन आठवडे गेले. शेवटी संगणकाला धूळ काढण्याची आज्ञा दिली : अमुक मापापेक्षा लहान जो ठिपका असेल तो आजूबाजूच्या रंगात मिसळून टाक. मुंबईला कापडावर छापणारं मोठं यंत्र आलं होतं, तिथून छापून आणलं. मला वाटलं, इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

नवरात्राला महिना होता. एका शुक्रवारी प्रत गुंडाळून पाइपात घातली आणि पॅसेंजरने गेले. देवळात अक्का होत्या, आणखी सात-आठ जणी होत्या. मी प्रत मूळ पटाशेजारी टांगली. अक्कांनी करंगळीजवळच्या बोटावर कुंकू घेतलं, हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

"मायना पाय कोठे गयात?"

मी पुढे होऊन दाखवले. हे काय, इथे आहेत.

"त्या कोन्या तरी बाईना पाय शेतस," अक्का म्हणाल्या. "मायना नहीत."

मागून एक जण म्हणाली, "फोटो काढाले बठाडेल नवरी दिखस, माय!" सगळ्या हसल्या. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अक्का वळल्या आणि नेहमीसारखं जुन्या पटालाच कुंकू लावलं. हात मागे घेतला तेव्हा बोटाला रंगाचा पापुद्रा चिकटून आला होता. त्यांनी तो पाहिला. पदराच्या टोकात बांधला. परतीच्या गाडीत मला तो पदर दिसत राहिला आणि त्याबरोबर आठवीचा चित्रकलेचा वर्ग.

तुम्ही टेबलावर माठ ठेवला आहे. त्याचा काठ एका बाजूला उडालेला आहे. मी पूर्ण, गोल, स्वच्छ काठ काढते आणि तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहता. "काय बाईसाहेब, हा कुंभाराकडून बदलून आणलात वाटतं?" वर्ग हसतो. "फुटलाय तो. फुटलेला काढ. नीट करायला तुला कोणी बोलावलंय?" मी खोडून पुन्हा काढते, तुमच्याकडे न बघता. दहावीनंतर तुम्ही मला तुमचं घड्याळजीचं भिंग दिलंत. मी आभार मानायच्या आत म्हणालात, "तुला सगळं दिसतं असं तुला वाटतं, म्हणून देतोय." मला तेव्हा ते आवडलं नव्हतं. भिंग मात्र मी वापरते. कामावर रोज वापरते.

दुसऱ्या दिवशी मी साफ न केलेलं चित्र पुन्हा उघडलं आणि पाय मोठे करून पाहिले, आठ पट. लाल रंग सलग नव्हता. ठिपके होते, एका मापाचे, ओळीने. छापील चित्रात असे ठिपके असतात, पण हे छापील नव्हतं. मी मूळ फिल्म काचेच्या दिव्यावर ठेवली आणि तुमचं भिंग लावलं. तिथेही ठिपके. मग आठवलं. तुम्ही शून्य नंबरचा कुंचला घेऊन गोणपाटावर बसला आहात, मी पाणी बदलते आहे आणि विचारते, "सर, रंग सरळ भरत का नाही? दिवस जातो यात." तुम्ही मान वर करत नाही. "ज्याने काढलं ते त्याचं. माझं त्यात मिसळायचं नाही. जवळ येऊन बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे दुसऱ्याचा हात आहे." आणि लांबून? "लांबून पाय दिसले की झालं."

माझ्या आज्ञेने तुमचे सगळे ठिपके धूळ समजून पुसले होते. यंत्राची चूक नाही. धूळ कशाला म्हणायचं ते माप मीच दिलं होतं. बायकांनी वर्षानुवर्षं ज्या पायांना हात लावला ते निम्मे तुमचे होते, आणि अक्कांना भिंगाशिवाय कळलं की ते गेले.

मी साफ केलेलं सगळं टाकून दिलं आणि बारा तुकडे पुन्हा जोडले. या वेळी काहीच काढलं नाही. कुंकू, काजळी, घडी, सगळं राहू दिलं. आणि तुकडे तपासताना खालच्या डाव्या कोपऱ्यात, पिवळ्या किनारीवर, ज्वारीच्या दाण्याएवढा निळा थेंब समोर आला.

तो दिवस तुम्हाला माहीत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्ही अक्कांकडे चहाला गेला होतात. कुंचला झटकताना मी पटाच्या फार जवळ उभी होते. थेंब पडला, मी रुमाल दाबला, तो आणखी आत गेला. तुम्ही परत आलात, बसलात, काम करत राहिलात. मी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी तुम्ही येतेस का विचारलंत तेव्हा मी सांगितलं, अभ्यास आहे.

भिंगाखाली ती किनार मी बराच वेळ पाहिली. ती झिजलेली होती आणि तुम्ही ती पिवळ्या ठिपक्यांनी भरली आहे. ठिपके थेंबापर्यंत येतात, त्याच्या भोवतीने जातात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. थेंबावर एकही नाही. तो झाकायला तुम्हाला दहा-बारा ठिपके पुरले असते. यापलीकडे त्या जागेतून काही सिद्ध होत नाही, आणि मी जास्त अर्थ काढणार नाही. पण तुम्ही पाहिला होता.

नवी प्रत घटस्थापनेच्या आधी पोचली. अक्का बराच वेळ समोर उभ्या राहिल्या. घडीवरून हात फिरवला, काजळीवरून फिरवला, मग खाली वाकून निळ्या थेंबावर बोट टेकवलं. "हाऊ बी शे," स्वतःशीच म्हणाल्या. मग पायांना कुंकू लावलं, बोट उजेडात धरून पाहिलं. त्यावर कुंकवाशिवाय काही नव्हतं. मागे वळून बायकांना म्हणाल्या, "हां. आते उनी माय." पदराच्या टोकातला पापुद्रा, कागदाच्या पुडीत, त्यांनी माझ्या हातात दिला. तो पेटीत पटाबरोबर आहे. आठव्या माळेला मी दाराशी उभी राहून पाहिलं. प्रतीचे पाय लालभडक झाले आणि पुढच्या वर्षी ते आणखी झिजतील. झिजू देत. पुन्हा छापता येतील, तुमच्या ठिपक्यांसकट.

पेटीत एक नोंदीचा कागद ठेवायचा आहे. पुढे कधी कोणी पेटी उघडली तर कळावं म्हणून : पटावर काय आहे आणि ते कोणाच्या हातचं. मूळ चित्र, चित्रकार अज्ञात. पायांवरचे आणि किनारीवरचे ठिपके, तिथे तुमचं नाव आहे. निळ्या थेंबासमोरची जागा महिनाभर रिकामी होती. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते माझ्या टेबलाच्या खणात राहील. कागद उद्या पेटीत जाईल.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. पहिल्या वेळी मी पट साफ करायला घेतला, तेव्हा सगळ्यात आधी काढलेला डाग तोच होता. आज मी त्या रिकाम्या जागेत माझं नाव लिहिलं.