श्रीपादचं खातं

३ ऑगस्ट १९९८, देवास
लागलो एकदाचा नोकरीला! सकाळी सेव घालून पोहे हाणले आणि कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत जाऊन बसलो. काय थंडगार खोली! धरमपुरीच्या घामट माणसाला आणखी काय हवं? सहा महिन्यांत कायम झालो की क्वार्टर मिळेल, मग माईला इकडेच आणीन. बाबा गेल्यापासून एकटीच असते बिचारी.

काम सोपं आहे. जुन्या युनिक्स मशीनवर गेटपास आणि हजेरी. माझ्या आधी इथं श्रीपाद होता. एप्रिलमध्ये याच खुर्चीत हार्ट अटॅकने गेला. मशीनच्या मालकाचा, म्हणजे रूटचा, पासवर्ड कधीचाच हरवलाय, त्यालाही ठाऊक नव्हता. आमचे साहेब दत्तोपंत जुन्या वळणाचे. म्हणाले, वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याचं खातं पुसायचं नाही, आणि त्याच्या टर्मिनलपाशी रोज चहाचा कप ठेवायचा. मनातल्या मनात हसलो. ठेवला.

६ ऑगस्ट
हजेरीच्या यादीत नवा माणूस घालायला रूटचे हक्क लागतात. दत्तोपंतांनी श्रीपादचीच युक्ती शिकवली. छपाईचा जुना प्रोग्राम रूटच्या हक्कांनी चालतो. त्याला फाइलचं नाव चार-पाचशे अक्षरांचं दिलं की तो अडखळतो आणि ते हक्क आपल्या हाती देऊन मोकळा! ही फट बुजवू का, विचारलं. म्हणाले, अरे भिया, तिच्यावरच तर काम चाललंय. शिवाय बाहेरच्याला तिचा उपयोग नाही, आत खातं असलं तरच. मग भ्यायचं कशाला?

१२ ऑगस्ट
मशीनच्या नोंदीत श्रीपाद दिसला. आज अकरा वाजता लॉगिन, त्याच्याच टर्मिनलवरून. अकराला खोलीत मी एकटा होतो. त्याचा कप रिकामा. कुणाचा हा चावटपणा? डोकंच फिरलं माझं. त्याचं खातं पुसता येईल, युक्ती येतेच की. पण दत्तोपंत रागावले तर मला कायम कोण करणार? राहू दिलं.

१७ ऑगस्ट
श्रीपादने आज तीच युक्ती केली. साधं खातं होतं त्याचं, आता मालक झालाय. सकाळपासून माझा डावा हात बधिर आहे. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

१९ ऑगस्ट
यादीत माझं नाव नाही. गेटवर पहारेकरी मानाजीने माझा पास वाचला: श्रीपाद. फोटो माझाच. म्हणाला, साब, रोज का येई नाम तो है. पास घेतला, आत आलो. कालपर्यंत निदान राग तरी यायचा—

२० ऑगस्ट
दत्तोपंतांनी श्रीपाद म्हणून हाक मारली. मी ओ दिली. दोन्ही हात बधिर. उद्या माई येतेय, लाडू घेऊन. ती ओळखेल. मी योगेंद्र. लिहून ठेवतो—योगेंद्र.

२१ ऑगस्ट
माई आली. काचेतून दिसतेय, फाटकाशी, हातात पिशवी. मानाजीने फोन करून विचारलं, योगेंद्र कोण? मीच, मीच, म्हणून ओरडणार होतो. तोंड उघडलं. त्यातून आलं, असं इथं कुणी नाही—

माझ्याच आवाजात.

दोन बोटं अजून माझी आहेत. त्यांनी लिहितोय. मी आत आहे. फट शोधतोय, त्याला सापडली तशी—

पिशवी उचलली तिने—माई, जाऊ नको, जरा थां