तुझं ‘म्हणून’

अग्नि-कुक्कुट वर्ष, सातवा महिना, दशमी
खिंडीखालचा भिक्षुणी मठ

जम्पेलदादास ल्हाडोनचा नमस्कार.

तुझं पत्र आणि चहाची वीट पोहोचली. इकडे जव कापून झालं. बाबांचे गुडघे दुखतात, तरी तुझ्या होऊ घातलेल्या पदवीचं कौतुक सांगत गावभर हिंडतात.

तू लिहितोस, “आपण एका आईची लेकरं, म्हणून माझ्या परीक्षेत प्रश्न विचारायला तू उभी राहू नकोस.” यंदा भिक्षुणींना पहिल्यांदाच ही मुभा मिळाली आणि तुला आई आठवली. वादाच्या अंगणात उत्तर द्यायला बसलेल्याला तीनच उत्तरं असतात, हे लहानपणी तूच मला शिकवलंस: मान्य. कारण खोटं. कारण खरं, पण त्यातून हे निघत नाही. तुला माझं तिसरं उत्तर.

तेच मी एकदा घरीही दिलं होतं. आईच्या खोकल्यातून रक्त पडत होतं आणि तू मठातून आलेला शहाणा, बाबांना म्हणालास, “म्हाताऱ्यांना खोकला येतोच. आई म्हातारी आहे, म्हणून दवाखान्याचे हेलपाटे नकोत.”

मी म्हणाले, “खोकला येतो हे खरं. पण दवाखाना नको, हे त्यातून कुठं निघतं?”

“बाबा, हिला बाहेर काढा. वाद घालतेय.”

आपल्याकडे अंगणातल्या वादाला आणि चुलीपुढच्या भांडणाला शब्द एकच. तू सोयीचा अर्थ उचललास. मी ओरडले होते, कबूल. पण ओरडून सांगितल्यानं माझं कारण खोटं ठरत नाही, आणि हळू आवाजात बोलल्यानं तुझं खरं. बाबांनी मला याकच्या गोठ्यात कोंडलं. नवव्या दिवशी आई गेली.

ल्हाडोनला विद्येची केवढी ओढ, असं लोक म्हणतात. तेव्हापासून अठरा वर्षं पोथ्यांत डोकं घातलं ते विद्येसाठी नाही, दादा. तुझ्यासाठी.

मी येणार. बाबांना पुढच्या रांगेत बसवणार. तू खाली बसलेला असशील, मी उभी राहून प्रश्नकर्त्याच्या रीतीनं टाळी वाजवीन आणि तुझंच वाक्य तुला विचारीन, खोकल्यापासून दवाखान्यापर्यंत, त्यातल्या ‘म्हणून’सकट. मान्य म्हणालास, तर साऱ्या मठाला तुझी विद्या कळेल. कारण खोटं म्हणालास, तर ते खोटं तुझं. आणि त्यातून निघत नाही म्हणालास, तर माझं उत्तर तुझ्या तोंडून बाबा ऐकतील.

तीनच आहेत. नीट निवडून ठेव.

तुझी,
वाद घालणारी
ल्हाडोन