हवेच्या डब्यावरचं फडकं

नाना, आज सकाळी मी एक गाळणी कचऱ्यात टाकली आणि तुमच्यावरचा राग पुन्हा वर आला. मला वाटलं होतं, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, संपला असेल. कुठला संपतोय! बनी पार्कातल्या एका गेस्ट हाऊसमध्ये एक गोरं जोडपं उतरलंय, पार त्यांच्या मुलखातून रस्त्याने गाडी हाकत आलेलं. जयपूरच्या धुळीने त्यांच्या गाडीचा दम कोंडला, म्हणून मॅनेजरने मला बोलावलं. बॉनेट उघडलं तर आपल्या गाडीला होता तसाच, इंजिनाची हवा गाळणारा गोल डबा, पण आत ना तेल, ना तारेची जाळी. कागद, नाना! पंख्यासारख्या घड्या घालून गोल बसवलेला. तो काढायचा, सूर्यासमोर धरायचा, पलीकडून उजेड दिसला तर परत बसवायचा, नाही दिसला तर फेकायचा आणि नवा घालायचा. मी त्या बाईला खुणेने विचारलं, घासलेटमध्ये धुऊ का? ती हसली आणि डिकीतून नवा काढून माझ्या हातात दिला. संपलं काम. जुना टोपलीत टाकताना तुमचा आवाज कानात आला, "फेकतोस काय? विचार आधी मला. जन्मभर पोरांना गाळायला शिकवतोय मी." हात थांबला माझा. मग चिडून टाकलाच. आणि आता गेस्ट हाऊससमोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसून हे लिहितोय. तुम्ही असतात तर आधी शुद्धलेखन तपासलं असतंत.

शिकवत होतात कॉलेजात रसायनशास्त्र, पण घरसुद्धा प्रयोगशाळाच करून टाकलं होतंत. न गाळलेलं काही आपल्या घरात येतच नव्हतं. नळाच्या तोंडाला तुमच्या जुन्या धोतराचं फडकं, सुतळीने दोन वेढे आणि वर सुरगाठ. ते सोमवारी सोडून, उकळून, पुन्हा बांधायचं. दूध गाळायचं, तेल गाळायचं, शाई गाळायची. आई म्हणायची, "उद्या हे ऊनसुद्धा गाळून घेतील." शेजारच्या जैन काकूंना तुमचं फार कौतुक, "प्रोफेसरसाब तो हमसे भी पक्के हैं." तुम्ही खूष. इथे बदलीवर आलेली बाकीची मराठी मंडळी घरात हिंदी बोलायला लागली, मी 'मतलब' म्हटलं की तुम्ही ताटावरून उठवायचात. भाषासुद्धा गाळूनच हवी तुम्हाला. मी मात्र जसा होतो तसाच गाळणीच्या वर राहिलो, इंटरला दोनदा नापास झालेला गाळ.

मग ती गाडी आली. एका ठिकाणेदाराची जागीर गेली, त्याने गाडी विकायला काढली आणि तुम्ही, ज्यांना सायकलवर वळण घेता येत नव्हतं, ती घेतलीत. तिसऱ्याच दिवशी फाटकाशेजारच्या कडुनिंबावर घातलीत. तेव्हापासून चालवायची मी. वीस वर्षांचा होतो. घरात कशाला तरी उपयोगी पडलो म्हणून आईने त्या दिवशी शिरा केला होता. स्टेशनजवळच्या गॅरेजातल्या उस्तादकडून मी सगळं शिकून घेतलं, आणि सगळ्यात आधी शिकलो तो हवेचा डबा, कारण या गावात गाडी मरते ती धुळीने. वरचा स्क्रू सोडायचा, झाकण उचलायचं, तारेची जाळी काढून घासलेटमध्ये खळखळून धुवायची आणि निथळत ठेवायची. खालच्या वाटीतलं जुनं तेल ओतून द्यायचं. त्याच्या बुडाशी हा एवढा चिखल निघतो, हवेतला. वाटी पुसून नवं तेल खुणेपर्यंत घालायचं, खुणेच्या वर थेंबही नाही, नाहीतर इंजिन तेच ओढतं आणि धूर ओकतं. दर आठवड्याला नुसतं बघायचं, महिन्याला धुवायचं. तुम्हाला हे फार आवडलं. तुम्ही नियमच केलात. रविवारी उजाडताना मी डबा बघायचा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायचं, तुम्ही पाटावर बसून चहा पीत विचारायचं, "हवेचा डबा?" आणि मी म्हणायचं, "बघितला." तेवढंच आपलं बोलणं, आठवड्यातून एकदा.

याच दिवसांत मी स्टेशनच्या मालधक्क्यावर हत्ती उतरवताना पाहिला. आमेरला नेणार होते. मालगाडीच्या डब्यातून उतरायला तयारच नव्हता. माहूत म्हणत होता, "आजा मेरे लाल, जयपुर आ गया," आणि हत्ती एक पाय खाली टाकी, फळी दबली की परत घेई. तासभर हेच. शेवटी कुणीतरी फळीवर पोतं अंथरलं तेव्हा आला, सासरी आलेल्या नवरीसारखा पाऊल मोजत. पण हत्तीचं असू दे. मी हा असाच भरकटतो. तुम्हीच म्हणायचात ना, "याला पत्र टाकायला पाठवलं तर हा अजमेरला जाऊन पेटीत टाकेल."

अजमेरवरून आठवलं. ताईला बघायला अजमेरची मंडळी आली. मुलगा रेल्वेत, त्याला रजा नव्हती म्हणून नुसते आईवडील. रविवारी त्यांना आमेर दाखवायचं ठरलं. आठवडाभर धुळीच्या आंध्या चालू होत्या, दुपारी चारला आभाळ विटकरी व्हायचं. आईला घोर, की विहीणबाई उतरतील तेव्हा भूत होऊन उतरतील. म्हणून तिने गाडीच्या काचेपुढची जी हवा यायची खिडकी, तिच्या आतल्या बाजूला मलमलीचं ओलं फडकं बांधलं. गार वारा आत, धूळ बाहेर. तुम्ही त्यावर हात फिरवून बघितलात आणि म्हणालात, "वा! शास्त्रशुद्ध आहे हे." मी ऐकलं होतं ते. त्यापुढे तुमच्या डोक्यात काय चाललंय हे मला कसं कळावं?

त्या रविवारी सकाळी मी दारात येऊन उभा राहिलो. "हवेचा डबा?" "बघितला." एरवी तुम्ही मान हलवून कपाकडे वळायचात. त्या दिवशी वळला नाहीत. म्हणालात, "मग? काय वाटलं?" मी म्हटलं, "काय वाटायचंय? ठीक आहे." तुम्ही विचारलंत, "नक्की ठीक आहे?" मला वाटलं, आज पाहुणे आहेत म्हणून माझी उलटतपासणी चाललीय. चिडलोच मी. "ठीक आहे म्हटलं ना!" आई म्हणाली, "अरे, जरा हळू." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि चहा न संपवता उठलात.

जलमहालापर्यंत गाडी बरी चालली. पुढे घाटी लागल्यावर मागून काळा धूर, इंजिन घरघरायला लागलं, ॲक्सिलरेटर दाबावा तितकी जास्त गुदमरते. दोन उंटगाड्या आमच्या पुढे निघून गेल्या. आणि चढाच्या मध्यावर बंद. तुमचे व्याही गमत्या माणूस. खाली उतरून म्हणाले, "चला, सून बघायला आलो होतो, आता गाडीही ढकलून बघू!" विहीणबाई मागून म्हणाल्या, "अहो, तुमच्या कंबरेचं बघा आधी." ताई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही. मी मोठा दगड शोधून चाकाला लावला आणि बॉनेट उघडलं.

हवेच्या डब्याला बाजूला तोंड असतं, पिपाणीच्या तोंडासारखं. तिथूनच इंजिन श्वास घेतं. त्या तोंडावर तुमच्या धोतराचं फडकं होतं. ओलं. सुतळीने दोन वेढे आणि वर सुरगाठ. अख्ख्या वाटेची धूळ त्यावर बसून तिचा चिखल झाला होता, लिंपल्यासारखा, भिंतीला लिंपतात तसा. मी बोट लावलं तर ढलपी पडली. गाळणीला गाळणी, नाना! ती वाटी, ते तेल, ती जाळी, ते सगळं करणारे काय मूर्ख होते? कॉलेजात शिकवणारा माणूस इंजिनाच्या नाकावर ओलं फडकं बांधतो आणि कुणाला सांगत नाही!

पण मी काय केलं ते बघा. बॉनेट उघडं होतं, मी त्याच्या आड होतो, पाहुण्यांना काही दिसत नव्हतं. मला ओरडून म्हणता आलं असतं, "नाना, हे तुमचं फडकं!" नाही म्हटलं. सुतळी सोडली, फडकं चुरगाळून पँटच्या खिशात कोंबलं आणि बॉनेट लावलं. व्याह्यांना म्हटलं, "जरा कचरा अडकला होता." गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तुम्ही दाराशी उभे होतात. माझ्या खिशाकडे बघितलंत, चिखलाचं पाणी मांडीवर ओघळत होतं. तुम्हाला सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवाल. तर तुम्ही, सगळ्यांसमोर, ताईच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांसमोर, काय म्हणालात? "सकाळी बघितलं होतंस?" मी म्हटलं, "हो." "खोटारडा," म्हणालात. "बघितलं असतंस तर..." आणि थांबलात. व्याही मध्ये पडले, "अहो प्रोफेसर, जाऊ द्या. यंत्र आहे, रुसायचंच." तुम्ही वाक्य पुरं केलं नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

लग्न ठरलं. आमेरला हत्तीवर बसून व्याह्यांनी ताईला सूनबाई म्हणून हाकसुद्धा मारली. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. बिघडलो तो मी. ताईच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि चौथ्या दिवशी घर सोडलं. बिकानेर, मग कांडल्याला ट्रक, मध्येच एका सर्कशीचा जनरेटर सांभाळला, मग पुन्हा ट्रक. जिथे गेलो तिथे ही गोष्ट सांगितली, ढाब्यावर, गोदीत, तुरुंगातून सुटलेल्या एका क्लीनरलासुद्धा. सगळे म्हणायचे, तेरा बाप ग़लत था. मला बरं वाटायचं. सांगताना एक मुद्दा मी कायम ठोकून सांगायचो, की मी उजाडताना बघितलं तेव्हा डब्यावर काहीही नव्हतं, म्हाताऱ्याने मागाहून बांधलं. वाट बघत होतो, तुम्ही एक दिवस कार्ड टाकाल, दोन ओळी, की चूक माझी होती. तुम्ही टाकलं नाहीत. आणि एका वर्षी कार्ड आलं ते ताईचं. माझा पत्ता शोधत ते कांडल्याला पोचलं तेव्हा तुमचा तेरावाही होऊन गेला होता. असं जातात? भांडण अर्धं टाकून? मी इकडे तुमच्याशी रोज बोलतोय आणि तुम्ही तिकडे गेलेले!

गेल्या महिन्यात ताईकडे अजमेरला गेलो होतो. आई आता तिथेच असते. तिला मी ही गोष्ट पुन्हा ऐकवली, ठासून, मागाहून बांधल्याच्या मुद्द्यासकट. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मागाहून कसं? शनिवारी दिवेलागणीलाच बांधलं होतं त्यांनी, निघताना नुसतं पुन्हा भिजवलं. कंदील मी धरला होता. मी म्हटलंसुद्धा, पोराला विचारा आधी. तर म्हणाले, सकाळी तो बघेलच ना. काय वाटलं ते विचारतो त्याला. यातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो नको म्हणाला तर काढून टाकू." एवढं बोलून तिने शेंगा माझ्याकडे सरकवल्या.

हे मला तिच्याकडून कळावं? तुम्हाला जीभ नव्हती? त्याला जास्त कळतं, हे माझ्या तोंडावर एकदा, एकदाच म्हणायला काय जात होतं? मी त्या दारात आणखी तासभर उभा राहिलो असतो. मी सोमवारीसुद्धा डबा बघितला असता, रोज बघितला असता. इंटरसुद्धा पास झालो असतो कदाचित. नाही, ते नसतो झालो. पण बघा, आत्तासुद्धा मी तुमच्यावरच ओरडतोय, चहावाला विचारतोय, "किसे लिख रहे हो भैया?" आणि त्याला काय सांगू? हा कागद कुठल्या पेटीत टाकतात? तुमच्या गाडीला आता मालक तिसरा आहे, तुमच्या नळाला फडकं नाही, मी फाटकातून बघून आलो. ते दुसरं फडकं माझ्या पेटीत आहे, चिखलासकट. धुतलं नाही, फेकलंही नाही.

ते वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत, मी करतो. बघितलं असतं तर फडकं दिसलं असतं, आणि मी हसलो असतो, आणि तुम्हाला दारात येऊन म्हटलं असतं, नाना, हे काढा, श्वास कोंडेल. त्या रविवारी उजाडताना मी बॉनेट उघडलंच नव्हतं. गाडीकडे जाताना फाटकातून पलीकडच्या मालधक्क्यावर गर्दी जमलेली दिसली आणि मी तिकडे गेलो. परत आलो तेव्हा तुमचा चहा सुरू झाला होता, म्हणून सरळ दारात येऊन उभा राहिलो.

बघितलं नव्हतं, नाना. हत्ती बघत होतो.